गाळाला नाव विचारणाऱ्या लीलाताई

लीलाताई डावखर कुठलीही वस्तू हातात घेतली की आधी तिचा वास घेत. वस्तूवर नाक टेकवणं त्यांना मंजूर नव्हतं. ती जरा लांब धरायची आणि उजव्या तळव्यानं तिच्यावरची हवा हलकेच स्वतःकडे ओढून घ्यायची, अशी त्यांची रीत. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत पहिल्या आठवड्यात हेच शिकवतात, असं त्या सांगत. ते खरंही असेल, पण प्रयोगशाळेत शिकलेली गोष्ट मेथीच्या जुडीवर, नव्या लुगड्याच्या घडीवर आणि शेजारणीच्या तान्ह्या बाळाच्या टाळूवर वापरणारी दुसरी व्यक्ती मी पाहिली नाही.

माझ्या दवाखान्यात त्या पहिल्यांदा आल्या तेव्हाही हेच झालं. मी भिंगारच्या छावणीतल्या एका कारकुनाचा मुलगा, नुकताच डॉक्टर झालेला. सरकारनं मला कोल्हारच्या बाजूला, प्रवरेच्या काठावरच्या एका लहानशा दवाखान्यात नेमलं होतं. दोन खोल्या, एक कंपाउंडर आणि दारात कडुनिंब. एका दुपारी साखर कारखान्याची जीप थांबली आणि तिशीतली एक बाई उतरली. सावळी, उंच, पदर खोचलेला, डाव्या हाताला ओलं फडकं गुंडाळलेलं.

"कॉस्टिक सोडा उडालाय," त्या म्हणाल्या. "नळाखाली भरपूर वेळ धरलाय. लिंबू वगैरे काही लावलेलं नाही, तेव्हा ओरडू नका."

मी जखम बघत होतो आणि त्या माझ्या फळीवरच्या बाटल्या बघत होत्या. मलमपट्टी होताच उठल्या, पोटदुखीच्या मिश्रणाची बाटली उघडली आणि तळव्यानं हवा ओढली. मी काही बोलणार एवढ्यात म्हणाल्या, "हे कुणी तयार केलंय?" कंपाउंडर घाबरत पुढे आला. "फार छान केलंय हो. पुदिन्याचा अर्क शेवटी घातलात ना? बरेच जण आधी घालतात आणि उडवून टाकतात." त्यानंतर कितीतरी दिवस आमचा कंपाउंडर छाती काढून चालत होता.

त्या कारखान्याच्या डिस्टिलरीत केमिस्ट होत्या. साखर काढून झाल्यावर उरते ती काकवीसारखी काळी, चिकट मळी. ती पाण्यात कालवून आंबवायची आणि त्यातून स्पिरिट काढायचं, हे तिथलं काम. माहेर बेलापूरजवळच्या एका वाडीत. वडील शेतकरी, ही मुलगी शिकणारच म्हणून त्यांनी भावकीशी भांडण घेतलं होतं आणि तिला पुण्याला पाठवलं होतं. लग्न केलं नाही. का, ते मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. कारखान्याच्या वसाहतीत आईबरोबर राहत. आजूबाजूच्या गावांत त्यांना 'दारूवाल्या बाई' म्हणत आणि ते त्यांच्या कानावर येई. एकदा माझ्या दवाखान्यातच ओटीवर बसलेल्या एका म्हाताऱ्यानं ते नाव जरा मोठ्यानं घेतलं, तेव्हा लीलाताई त्याच्यासमोर जाऊन बसल्या.

"व्हय बाबा, दारूवालीच हाय मी," त्या त्याच्याच बोलीत म्हणाल्या. पुण्याचं मराठी त्या कामापुरतं वापरत; रंगात आल्या की बेलापूरचं बाहेर पडे. "पन प्यायची न्हाई आमची. डाक्टर सुई टोचायच्या आदी दंडाला गार गार काय लावत्यात, ठावं हाय का? ते माझ्या नळीतनं येतं. आन डोकं दुखल्यावर गोळी खाता ना? तिच्यातला आंबट भाग स्पिरिटपासनं करत्यात. म्हंजी तुमची गोळी निम्मी उसाचीच लेक हाय."

म्हातारा हसला. "मंग गोड का लागत न्हाई?" त्यानं विचारलं.

"सासरी गेल्यावर पोरीचा सोभाव बदलतो की न्हाई?" लीलाताई म्हणाल्या आणि अख्खी ओटी हसली.

कुणी 'टाकाऊ' हा शब्द वापरला की मात्र त्या हसत नसत. "टाकाऊ म्हणजे काय? ज्याला आपण अजून नाव विचारलं नाही, ते," असं म्हणत. कारखान्यातल्या चोथ्याचे त्यांनी पुठ्ठे केले होते. पहिले पुठ्ठे हाताला कुसळं टोचतील असे होते, नंतरचे जरा बरे. आपल्या घरातलं पुस्तकांचं कपाट त्यांनी त्याच पुठ्ठ्यांचं करून घेतलं होतं. पावसाळ्यात ते फुगून वाकडं झालं, तेव्हा खूश होऊन मला दाखवायला बोलावलं. "बघा, पाणी इथून शिरलं. आता कुठे डिंक कमी पडला ते कळलं." स्वतःची चूक एखाद्या पाहुण्यासारखी घरात बसवून तिची विचारपूस करणं ही त्यांची खास रीत होती.

मग बाहत्तरचा दुष्काळ आला. नगर जिल्ह्याला दुष्काळ नवा नव्हता, पण तो दुष्काळ वेगळा होता. प्रवरेच्या पात्रात डबकी उरली. पूर्वेकडून, पाथर्डीच्या बाजूनं माणसं नातेवाइकांकडे येऊन राहू लागली. आमच्या दवाखान्यापासून जवळच पाझर तलावाचं काम निघालं आणि माळावर शेकडो माणसं माती उकरू लागली, खडी फोडू लागली. खायला परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी. कामावर सुकडी मिळे, म्हणजे भाजलेल्या पिठात गूळ घालून केलेला चुरा. पोट भरे, पण शरीराला जे लागतं ते सगळं त्यात नव्हतं.

हिवाळा अर्धा सरला तेव्हा माझ्याकडे एकाच तक्रारीची रांग लागली. ओठांच्या कडा फाटलेल्या. जीभ लाल, सोललेली. काहींच्या हातापायांची कातडी काळवंडून सुटत होती. भाकरीबरोबर चटणी खाता येईना, नुसती कोरडी भाकरी गिळवेना, म्हणून माणसं कमी खात आणि त्यानं दुखणं आणखी वाढे. रोग ओळखायला अक्कल लागत नव्हती. ब गटाची जीवनसत्त्वं पाहिजे होती. माझ्याकडची इंजेक्शनं आणि गोळ्या डिसेंबरातच संपल्या होत्या. नगरला मागणी पाठवली की उत्तर येई, 'साठा आल्यावर कळवू'.

त्या रांगेत द्वारकाबाई होती. पाथर्डीकडची, नवरा तलावावरच माती वाहणारा, कडेवर पाच-सहा महिन्यांची मुलगी. कामावरच्या सगळ्या बायका तिचं ऐकत, कारण तिच्या तोंडाला कुणी लागत नसे. आता त्या तोंडातूनच शब्द फुटेना. तिनं जीभ दाखवली तेव्हा मीच मान फिरवली.

"जनू इस्तवावर ठिवलीया," ती कशीबशी म्हणाली. "खाता येत न्हाई डाक्टर. दूध आटाया लागलंय. ह्या पोरीचं कसं व्हायाचं?"

मी तिला शेंगदाणे, हिरव्या भाज्या, दूध असं सांगू लागलो आणि सांगता सांगताच लाजलो. त्या माळावर हिरवं असं काही उरलंच नव्हतं.

लीलाताई त्या वेळी आत बसल्या होत्या. हात केव्हाच बरा झाला होता. जाता-येता चहाला थांबत. द्वारकाबाई गेल्यावर त्यांनी रिकामी झालेली जीवनसत्त्वाची बाटली फळीवरून उचलली, वास घेतला आणि थांबल्या. पुन्हा घेतला.

"डॉक्टर, हे कशापासून करतात?"

"काही कृत्रिम असतात. ह्या गोळ्या यीस्टच्या आहेत. यीस्ट म्हणजे..."

"यीस्ट म्हणजे काय ते मला सांगता?" त्या उभ्याच राहिल्या होत्या. "अहो, मळी आंबवतं कोण? तेच. टाकीत घालते तेव्हा बादलीभर असतं, खाऊन पिऊन गाडीभर होतं. आंबून झालं की ते सगळं तळाशी बसतं. त्या गाळाला आम्ही काय करतो माहीत आहे? नळी लावून ओढ्यात सोडतो! ओढा घाण झाला म्हणून गावं शिव्या देतात, आणि इकडे या बायकांच्या जिभा..." चहा तसाच ठेवून त्या गेल्या.

पुढच्या दिवसांत मी डिस्टिलरीत पुष्कळदा गेलो. आंबवण्याच्या टाक्यांच्या तळाशी बसलेला गाळ म्हणजे तपकिरी चिखल. त्यात मळीची घाण, कडूपणा आणि तोंड वाकडं होईल असा वास. तो खाण्याजोगा करायचा तर पुन्हा पुन्हा धुवायला हवा, आणि दुष्काळात धुवायला पाणी मागायचं कुठल्या तोंडानं? वसाहतीत नळाला दिवसाआड पाणी येत होतं. मला वाटलं, गाडं इथंच अडलं.

लीलाताईंनी मला साखरेच्या बाजूला नेलं. उसाचा रस उकळून आटवतात तिथून वाफेचं पाणी होऊन गरम धार पडत होती. "ऊस म्हणजे निम्म्याहून जास्त पाणीच," त्या म्हणाल्या. "शेतकऱ्यानं वर्षभर पाजलेलं पाणी इथं परत मिळतं. विहिरीतला एक थेंब मागायला नको. पण ऊस यंदा कमी आहे, हंगाम लवकर संपेल. त्याच्या आत जमवायला हवं."

ते पाणी आधी निवू द्यायचं, त्यात गाळ कालवायचा, चिमूटभर खाण्याचा सोडा घालायचा, ढवळायचा, बसू द्यायचा, वरचं पाणी ओतायचं. असं करता करता चिखल पिवळट झाला, बेसनाच्या पिठाकडे झुकला. वाळवायला ऊन फुकट होतं. लीलाताईंनी डिस्टिलरीच्या गच्चीवर धुतलेल्या पत्र्यांवर तो पसरला, वाळल्यावर कुटला, चाळला. त्यांच्या आईनं चव घेतली आणि "जुन्या पापडासारकं लागतंय" असा दाखला दिला. मी खाल्लं, लीलाताईंनी खाल्लं. आम्हाला काही झालं नाही. चमचाभर चमचाभर खाल्लं होतं, होणार काय?

तलावावर सुकडीत भुकटी मिसळून वाटली आणि दुसऱ्या दिवशी हाहाकार झाला. माणसांची पोटं नगाऱ्यासारखी फुगली. बायका घमेली टाकून झुडपांकडे पळत होत्या. जिवाला धोका नव्हता, संध्याकाळपर्यंत सगळे सावरले. पण तोवर बातमी गावोगाव झाली होती की दारूवाल्या बाईनं दुष्काळी माणसांना दारूचा गाळ चारला.

कारखान्याच्या मॅनेजरसाहेबांनी त्यांना बोलावलं. मीही गेलो, कारण वाटायला परवानगी माझी होती. साहेब वाईट माणूस नव्हते, घाबरलेले होते. "बाई, उद्या कुणी दगावलं तर? तुमचं काम स्पिरिट काढण्याचं आहे, लोकांना जेवू घालण्याचं नाही. बंद करा."

मला वाटलं त्या भांडतील. त्या म्हणाल्या, "बंद केलंय साहेब. चूक कुठे झाली ते कळेपर्यंत एक कणही बाहेर जाणार नाही. पण शोधायला मला बंदी करू नका." साहेबांनी मान हलवली की झटकली ते मला कळलं नाही. लीलाताईंनी ती हलवली असं धरलं.

चूक त्यांना सापडली ती कोमट गुळाच्या पाण्यात. पेल्यात गूळपाणी घेऊन त्यांनी ती वाळलेली भुकटी टाकली आणि आम्ही बघत बसलो. जरा वेळानं पाण्यावर बुडबुडे आले, मग फेस, मग फेस काठावरून खाली उतरला.

"जिवंत आहे!" त्या कपाळावर हात मारून म्हणाल्या. "उन्हात मेलं नाही हो, नुसतं झोपलं. सुकडीत गूळ, पोटात ऊब. तिथं जागं झालं आणि लागलं कामाला." त्यांचा चेहरा पडला होता, पण डोळ्यांत ती वाकड्या कपाटासमोरची चमक होती. "आणि जिवंत असेपर्यंत ते स्वतःतलं काही देत नाही, उलट आपलंच खातं. आधी मारायला हवं. तेही असं, की जीवनसत्त्व करपणार नाही."

कारखान्याच्या भंगारात वाफेचा एक जाडजूड पाइप पडला होता. फिटरला हाताशी धरून त्यांनी तो आडवा बसवला, आतून वाफ सोडली, फिरवायला दांडा लावला, एका बाजूला खरवडायला पातं बसवलं. वरून गाळाची पातळ धार सोडायची. फिरणाऱ्या तापलेल्या पाइपावर ती क्षणात वाळे आणि पलीकडच्या पात्याशी आली की पापुद्रा होऊन सुटे. कुरडईच्या चुऱ्यासारखा सोनेरी पापुद्रा. यंत्र पहिल्यांदा नीट चाललं तेव्हा फिटरनं दांडा सोडून टाळ्या वाजवल्या आणि पात्याशी गाळाचा डोंगर साचला.

या वेळी मी अडून बसलो. पुण्याच्या प्रयोगशाळेतून तपासून येईपर्यंत कुणालाही देऊ देणार नाही, असं सांगितलं. लीलाताईंना ते पटलं, पण थांबणं जड गेलं. रोज संध्याकाळी तलावावर जाऊन बायकांच्या जिभा बघून येत आणि माझ्याकडे येऊन बसत. अखेर नमुना चांगला असल्याचं पुण्याहून कळलं. मी सही करतो म्हटल्यावर मॅनेजरसाहेबही तयार झाले. आता उरली माणसं. ती तयार होणार नव्हती आणि त्यांचं चुकत नव्हतं.

दुपारच्या सुट्टीत आम्ही तलावावर गेलो. लीलाताईंच्या हातात दोन पेले आणि गूळपाण्याची किटली. लोक गोळा झाले, पण लांब उभे राहिले. कुणीतरी मागून ओरडलं, "आज काय पाजताय, देशी का विंग्रजी?"

लीलाताई दगडावर चढल्या नाहीत की आवाज चढवला नाही. "त्या दिसाची चूक माजी हुती," त्या म्हणाल्या. "डाक्टरांची न्हाई, कारखान्याची बी न्हाई. काय चुकलं ते दाखवाया आले." त्यांनी एका पेल्यात जुनी भुकटी टाकली, दुसऱ्यात नवी. बघता बघता पहिला पेला फसफसला. दुसरा तसाच गप्प.

द्वारकाबाई पुढे आली. पोर पाठीशी बांधलेली. तिनं वाकून फेस बघितला. "आसं हुतं व्हय पोटात?"

"आसंच हुतं."

"आन ह्ये दुसरं?"

"त्येला मारून आणलंय. आता त्ये फुगायचं न्हाई. बघा, मी खाते." लीलाताईंनी मूठ भरली.

द्वारकाबाईनं त्यांचा हात धरला. "तू खाऊन काय कळनार? तुजी जीभ धड हाय. तुला बी कळना, आमाला बी कळना." बोलताना तिचे ओठ पुन्हा फाटले, पदरानं तिनं रक्त टिपलं. "मला दे. ह्या समद्या बाया मला रोज बगत्यात. बरी झाले तर त्या खातील. पोट फुगलं तर हितंच सांगन समद्यांना. चालंल?"

लीलाताईंनी मूठ तिच्या हातात रिकामी केली. "चालंल. पन कायबी वाटलं तर लगीच डाक्टरांकडं जायचं. माज्याकडं न्हाई, डाक्टरांकडं."

त्या दिवसापासून मी तिची जीभ तपासू लागलो. लीलाताई मुद्दाम येत नसत. त्या समोर असल्या तर मी नकळत काही बरं बोलेन, अशी त्यांना भीती वाटे. "मी समोर असले की तुम्हाला बरं दिसायला लागतं," म्हणत. पहिले दिवस काहीच फरक नव्हता. पोट मात्र शांत होतं. मग ओठांच्या कडांना खपली धरली. जिभेचा लाल भडकपणा उतरला. आणि एके सकाळी दवाखान्याबाहेर मोठा कालवा ऐकू आला. बाहेर बघतो तर द्वारकाबाई कंपाउंडरला झाडत होती, रांग सोडून त्यानं कुणाला तरी आधी आत घेतलं म्हणून. सगळ्या ओटीला ऐकू जाईल असा तिचा आवाज लागला होता.

"डाक्टर," मला बघून ती म्हणाली, "काल ठेचा खाल्ला! डोळ्यांतनं पानी आलं, पन तिकटानं आलं, जिभेनं न्हाई!"

मी तडक सायकल काढली आणि डिस्टिलरी गाठली. लीलाताई पाइपाशी उभ्या होत्या. मी 'ठेचा' एवढंच म्हणालो. त्यांनी पात्यावरचा पापुद्रा उचलला, बोटांनी चुरला, आणि पाठ फिरवून बराच वेळ वाफेचा व्हॉल्व्ह बघत राहिल्या. व्हॉल्व्हला काहीही झालेलं नव्हतं.

त्यानंतर भुकटी पुरेना. हंगाम संपेपर्यंत पाइप फिरत राहिला. तलावावरच्या रांगेत सोललेल्या जिभा कमी होत गेल्या. द्वारकाबाईच्या मुलीला दात आले, ती चावायला लागली आणि द्वारकाबाई त्याचीही तक्रार घेऊन आली. मॅनेजरसाहेब एकदा मला म्हणाले, "बाईंच्या त्या उद्योगामुळं ओढ्याकडची नळी तुंबायची थांबली, बरं का." हे कौतुक आहे हे त्यांना स्वतःला ठाऊक नसावं. ओढा काही स्वच्छ झाला नाही. गाळ काढला तरी उरलेलं पाणी काळंच होतं आणि लीलाताई ते कधी लपवत नसत. "एकाचं नाव कळलंय," म्हणत, "त्या पाण्यात अजून बरेच आहेत."

पाऊस पडून कामं बंद झाली, माणसं आपापल्या गावी निघाली. ट्रक सुटायच्या आधी द्वारकाबाई चालत कारखान्याच्या फाटकावर आली. ती भुकटी होते कुठं, ते तिला बघायचं होतं. लीलाताईंनी तिला शिडीवरून आंबवण्याच्या टाकीपाशी नेलं. आत घराएवढ्या मोठ्या टाकीत काळंतपकिरी पाणी आपोआप उसळत होतं, फेस चढत होता, फुटत होता. खाली जाळ नाही, वर कुणी ढवळत नाही.

द्वारकाबाई कितीतरी वेळ बघत राहिली. "ह्यो समदा जीवच हाय?"

"व्हय. डोळ्याला दिसत न्हाई येवडा येकेक."

"आन ह्येंला मारून आमाला जगिवलंस."

"व्हय."

द्वारकाबाईनं पोरीचे दोन्ही हात धरून टाकीपुढे जोडले. दसऱ्याला यंत्रांना हार घालायच्या दिवशी पूजा नको म्हणून लीलाताई रजेवर जात, हे अख्ख्या कारखान्याला ठाऊक होतं. त्या दिवशी त्या तिच्या शेजारी मान खाली घालून उभ्या राहिल्या.

पुढे काही वर्षांनी लीलाताई पुण्याला एका औषधांच्या कारखान्यात गेल्या. तिथंही काम तेच, जिवाणू आणि बुरशी वाढवायची आणि त्यांच्याकडून औषध काढून घ्यायचं. टाक्या चकचकीत होत्या, वास कमी होता. त्याबद्दल त्यांची थोडी नाराजी होती. आईला घेऊन गेल्या, पुठ्ठ्याचं वाकडं कपाटही नेलं. भेटी कमी झाल्या, पण माझी बदली पुण्याजवळ झाल्यावर पुन्हा सुरू झाल्या.

मग त्या आजारी पडल्या. गाठीचा आजार होता. त्यातून त्या उठल्या आणि त्यानंतर बरीच वर्षं, केस पिकून पांढरेशुभ्र होईपर्यंत जगल्या, हे आधीच सांगून टाकतो. गेल्या त्या पुष्कळ नंतर, वयानं, एका दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या. पण मला त्या आठवतात त्या आजारातल्या. तेव्हा पुढचं काही माहीत नव्हतं. त्यांनाही नाही आणि डॉक्टर असून मलाही नाही.

मी भेटायला गेलो तेव्हा त्यांना शिरेतून औषध चालू होतं. लालभडक. चेहरा ओढलेला, ओठ कोरडे, पण मला बघताच त्या उशीवर वर सरकल्या.

"डॉक्टर, चौकशी केली मी. हे मातीतल्या एका जंतूपासून करतात. टाकीत वाढवून. अगदी आपल्यासारखं! कुणीतरी कुठली तरी ढेकळं घरी नेली असतील, त्यात काय आहे ते बघत बसला असेल. घरच्यांनी वेड्यात काढलं असेल त्याला." त्या दमल्या. थोडं थांबून म्हणाल्या, "लागू पडेल का हो?"

असा प्रश्न त्यांनी मला आयुष्यात तेवढाच एकदा विचारला. लागू पडतं असा अनुभव आहे, पण प्रत्येकाला नाही, असं मी सांगितलं. खोटं बोललेलं त्यांना चाललं नसतं.

"म्हणजे बघावं लागेल," त्या म्हणाल्या. "बघू."

औषध संपत आलं होतं. एक तरुण परिचारिका आली, तिनं सुई काढली, कापूस दाबला आणि रिकामी बाटली, नळी, सगळं गोळा करून निघाली. लीलाताईंनी तिला हाक मारली.

"बाळ, हे सगळं कुठे टाकता तुम्ही?"

परिचारिका गोंधळली. "कचऱ्यात, मावशी."

"कचऱ्यातून पुढं कुठं जातं?"

"ते नाही माहीत."

"विचारून ठेव," लीलाताई म्हणाल्या आणि डोळे मिटून घेतले. "घाई नाही. उद्या मी इथंच आहे."